बस कोण देतं आणि बस कोण चालवतं? केंद्राच्या निधीचा एक धडा



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन संस्थांचे दोन पाठ आहेत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद, महानगरपालिका ही नावं मुलं पाठ करतात. सरपंच कोण, महापौर कोण, सदस्यसंख्या किती, हेही सांगतात. पण "आपल्या गावातला हा रस्ता कोणाच्या पैशातून झाला?" एवढं विचारलं की वर्ग गोंधळतो. कोणी म्हणतं सरपंचांनी केला, कोणी म्हणतं आमदारांनी, कोणी म्हणतं दिल्लीच्या सरकारने. गंमत अशी, की तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य असू शकतं.

मोठ्यांचंही फारसं वेगळं नाही. रस्ता, पाण्याची टाकी, बस, मेट्रो यांसाठी केंद्राचा पैसा येतो म्हणजे नेमकं काय होतं? किती येतो, कोणत्या अटीवर येतो, आणि उद्घाटनाचा नारळ फुटल्यावर पुढचा खर्च कोण करतं? हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि या लेखात मला त्यावरच जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे दहावीनंतर एखादी मुलगी दौंडला किंवा केडगावला शिकायला जाणार की घरी बसणार, हे पुष्कळदा तिच्या टक्क्यांपेक्षा सकाळची गाडी वेळेवर येते की नाही यावर ठरतं. त्यामुळे हा विषय वाटतो तितका कोरडा नाही.

आधी थोडी शब्दांची ओळख

मुलांना हे चार शब्द आधी समजावून द्या, म्हणजे पुढचं सोपं जातं.

वित्त आयोग: राज्यघटनेच्या कलम २८० नुसार राष्ट्रपती दर पाच वर्षांनी हा आयोग नेमतात. केंद्राने गोळा केलेल्या करातून राज्यांना किती द्यायचं आणि कोणत्या राज्याला किती, याची शिफारस तो करतो. घरात मोठा डबा एकच असतो आणि खाणारी ताटं अनेक. कोणाच्या ताटात किती वाढायचं हे ठरवणारी ही समिती, असं मुलांना सांगता येईल.

अनुदान: परत करायचा नसलेला पैसा.

कर्ज: व्याजासह परत करायचा पैसा. फलकावर दोन्हींना "निधी" असंच म्हटलेलं असतं, म्हणून हा फरक मुलांच्या मनात पक्का करा.

बंधित आणि अबंधित निधी: ज्या कामासाठी आला त्याच कामावर खर्च करावा लागतो तो बंधित. स्थानिक गरज पाहून वापरता येतो तो अबंधित. आईने शंभर रुपये देऊन "यातले साठ रुपये पिठाला आणि तेलाला, उरलेले चाळीस तुला घरासाठी जे लागेल त्याला" असं सांगितलं, तर साठ बंधित आणि चाळीस अबंधित.

पैसा दिल्लीला जातो कसा आणि परत येतो कसा?

सुरुवात दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यापासून करा. त्यावर जीएसटी असतो. महाराष्ट्रात बनून महाराष्ट्रात विकलेल्या वस्तूवरचा निम्मा जीएसटी केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. म्हणजे पहिलीतलं पोरही कर भरतं! मुलांना हे सांगितलं की ती एकदम सावरून बसतात. "सरकारचा पैसा" हा शब्दप्रयोग त्यानंतर त्यांना जरा वेगळा ऐकू येतो.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी शिफारस केली, की केंद्राच्या वाटपयोग्य करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना मिळावा. उपकर आणि अधिभार या वाटपात धरत नाहीत. या राज्यांच्या वाट्यातला ६.३१७ टक्के भाग महाराष्ट्राचा. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करायला लावा: १०० रुपयांचे ४१ रुपये, आणि त्या ४१ चे ६.३१७ टक्के. उत्तर येतं साधारण २ रुपये ५९ पैसे.

"आपलं राज्य एवढं मोठं, मग एवढंच का?" असा प्रश्न हमखास येतो. पंधराव्या आयोगाच्या वाटपाच्या सूत्रात राज्याचं उत्पन्न किती मागे आहे या निकषाला ४५ टक्के वजन होतं. गरीब राज्याला जास्त आणि सधन राज्याला कमी, असा त्यामागचा विचार. यावर वर्गात खुशाल वाद होऊ द्या. घरात आजारी माणसाच्या ताटात दूध जास्त वाढतात, हेही मुलांना कळतं. आणि राबणाऱ्याला पोटभर मिळायला हवं, हेही कळतं.

राज्यांच्या या वाट्याशिवाय स्थानिक संस्थांसाठी वेगळं अनुदान असतं. ही वाट १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने मोकळी केली. ७३ वी दुरुस्ती पंचायतींसाठी, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. ७४ वी नगरपालिका-महापालिकांसाठी, १ जून १९९३ पासून. पंधराव्या आयोगाने पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना एकूण ४,३६,३६१ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यात ग्रामीण संस्थांसाठी २,३६,८०५ कोटी आणि शहरी संस्थांसाठी १,२१,०५५ कोटी होते. उरलेल्या रकमेत मोठा भाग स्थानिक पातळीवरच्या आरोग्य सेवेसाठी होता.

वरवंडपर्यंत काय येतं?

आपलं वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. कारभार ग्रामपंचायतीचा. तालुक्याचं ठिकाण दौंड, तिथे नगरपरिषद. जिल्ह्याचं ठिकाण पुणे, तिथे महानगरपालिका. एकाच जिल्ह्यात तिन्ही प्रकारच्या संस्था मुलांना डोळ्यांनी बघता येतात. असं जिवंत उदाहरण असताना पुस्तकातली आकृती कशाला पाठ करायला लावायची?

पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामीण निधी महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० टक्के आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असा वाटला जात असे. त्यातला ६० टक्के बंधित. या बंधितातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर अशा कामांसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि कार्यालयीन खर्च करता येत नसे.

समजा एखाद्या ग्रामपंचायतीला १० लाख रुपये आले (हा आकडा फक्त गणितासाठी). ३ लाख स्वच्छतेला, ३ लाख पाण्याला, ४ लाख गावाच्या गरजेनुसार. आता मुलांना विचारा, "या ४ लाखांतून तुम्ही काय कराल?" कोणी शाळेची भिंत म्हणेल, कोणी वाडीवरचा रस्ता, कोणी बसथांब्याची शेड. चार लाखांत सगळं बसत नाही हे लक्षात आलं की ग्रामसभेत इतकी भांडणं का होतात, हेही मुलांना आपोआप समजतं.

पुण्याची गोष्ट: बांधलं कोणी, चालवलं कोणी?

आपल्या भागातले कितीतरी लोक कामासाठी, कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी हडपसरमार्गे पुण्यात जातात. त्यामुळे पुण्याचं उदाहरण मुलांना परकं वाटत नाही.

३ डिसेंबर २००५ रोजी केंद्राने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केलं. देशातल्या निवडक शहरांना रस्ते, पाणी, सांडपाणी, सार्वजनिक वाहतूक यांसाठी मोठा निधी देणारी ही योजना. पुणे १० ते ४० लाख लोकसंख्येच्या गटात होतं. या गटातल्या शहरांसाठी हिशेब असा होता: १०० रुपयांच्या कामात केंद्राचे ५०, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३०. मुंबईसारख्या ४० लाखांवरच्या शहरांना केंद्राचे ३५ रुपयेच, आणि स्वतःचे ५० घालावे लागायचे.

या काळात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटी मार्ग २००६ च्या डिसेंबरात सुरू झाला. बससाठी रस्त्याच्या मध्ये स्वतंत्र मार्गिका, म्हणजे बस गर्दीत अडकणार नाही, ही कल्पना. देशातला असा हा पहिला प्रयोग. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. केंद्राच्या याच अभियानातून पुढे बस खरेदीलाही मदत मिळाली.

कल्पना चांगली होती, पैसाही आला. पण मार्गिकेत दुचाकी घुसू नयेत म्हणून रोज माणसं उभी करणं, थांब्यांची दारं-दिवे दुरुस्त करणं, बस वेळेवर सोडणं, बंद पडलेली बस लगेच बाजूला घेणं, हे सगळं स्थानिक यंत्रणेने दररोज करायचं काम होतं. त्यासाठी दिल्लीहून दरवर्षी पैसा येणार नव्हता. हडपसरकडची ती मार्गिका टिकली नाही. नगर रस्त्यावरचा बीआरटीचा मोठा भागही २०२३ मध्ये काढून टाकला गेला. मार्गिका अरुंद होती, आराखडा चुकला, वाहनं वाढली अशी कारणं लोक सांगतात, आणि त्यांतही तथ्य आहे. पण चालवण्याची तयारी बांधण्याच्या तयारीइतकी नव्हती, हे कारण मला सगळ्यात मोठं वाटतं.

पीएमपीएमएलला तिकिटांतून मिळणारा पैसा खर्चाला पुरत नाही. ही तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के या प्रमाणात भरून काढते. म्हणजे बस घेताना केंद्र सोबत होतं, पण रोजच्या डिझेल-सीएनजीचा, चालक-वाहकांच्या पगाराचा आणि टायरचा भार मुख्यतः शहरातल्या करदात्यावर आणि तिकीट काढणाऱ्यावर आला. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. रोज जाऊन-येऊन प्रवास करणाऱ्याला ही वाढ किती, हे गणित मुलांकडून करून घ्या.

त्यानंतर आल्या दोन मोठ्या योजना. २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं. जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुणे देशात दुसरं आलं. केंद्राने प्रत्येक शहराला पाच वर्षांत साधारण ५०० कोटी द्यायचे आणि तेवढाच वाटा राज्याने व शहराने घालायचा, अशी रचना होती.

दुसरी मेट्रो. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हाचा अंदाजे खर्च ११,४२० कोटी रुपये, लांबी सुमारे ३१ किलोमीटर. मार्च २०२२ मध्ये पहिले भाग सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गाडी स्वारगेटला पोहोचली. मेट्रो चालवणारी महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्मी-निम्मी कंपनी. पण सगळा पैसा या दोघांनी रोख दिला असं नाही. मोठा हिस्सा कर्जाचा आहे, आणि कर्ज देणाऱ्यांत युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सची विकास संस्था आहे. कर्ज म्हणजे उद्याच्या प्रवाशांनी आणि करदात्यांनी फेडायचा पैसा. आज आपल्या वर्गात बसलेली मुलं तेव्हा कमावती असतील! शिवाय पुण्यात एप्रिल २०२२ पासून घर-जमिनीच्या व्यवहारावर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रोसाठीचा अधिभार आहे. म्हणजे जो कधी मेट्रोत बसला नाही, तोही फ्लॅट घेताना मेट्रोला हातभार लावतो.

घटनेत बसथांबा आहे, बस कुठे आहे?

एक बारीक गोष्ट शिक्षकांनी जरूर पाहावी. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिलेत. त्यात रस्ते आणि पूल आहेत. सार्वजनिक सोयींमध्ये रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबे यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पण बससेवा हा शब्द तिथे नाही. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांतही रस्ते, साकव, पूल आणि दळणवळणाची इतर साधनं आहेत, प्रवासी बससेवा वेगळी लिहिलेली नाही.

म्हणजे थांबा कोणाचा, हे सांगता येतं. थांब्यावर येणारी गाडी कोणाची, याचं उत्तर मात्र गावागणिक बदलतं. थांबा बांधून होतो, फोटो निघतो, आणि थांब्यावर माणसं वडापच्या जीपची वाट पाहत उभी राहतात!

आपल्या रस्त्यावरची वाटणी

मुलांना वहीत चार रकाने आखायला सांगा आणि वरवंडच्या भोवतीचं एकेक साधन लिहून घ्या.

महामार्ग: राष्ट्रीय महामार्ग ६५, पूर्वीचा ९. जबाबदारी केंद्राची. वापरणारा पाटसच्या टोलनाक्यावर टोल भरतो.

रेल्वे: पुणे-दौंड मार्गावर यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस ही आपली स्टेशनं. रेल्वे पूर्ण केंद्राची. २०१७ पासून या मार्गावर डेमू धावू लागली. त्याच वर्षापासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प बंद होऊन तो देशाच्या मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. इथे बांधणारा आणि चालवणारा एकच आहे, म्हणून गाडी उशिरा आली तर तक्रार कोणाकडे करायची हे निदान ठाऊक असतं.

एसटी: १ जून १९४८ रोजी पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली. आज महामंडळ राज्याच्या अखत्यारीत. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास २०२२ पासून आणि महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून मिळतं. या सवलतींची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला करायची असते. ग्रामीण मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. हा सगळा "चालवण्याचा" पैसा आहे, आणि तो मुख्यतः राज्याचा आहे. पण लक्षात घ्या, पास मोफत असला तरी गाडीच आली नाही तर पासाचा उपयोग शून्य.

गावातले रस्ते: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कधी आमदार-खासदारांचा निधी, कधी केंद्र-राज्याची योजना. गावातला फलक वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

हे रकाने भरले की मुलांना दिसतं, की दोन किलोमीटरच्या परिसरात चार वेगवेगळी सरकारं आपापल्या पैशातून काम करतात. मुलीला मात्र घरापासून कॉलेजपर्यंत एकच प्रवास करायचा असतो.

गाव शहरात गेलं की काय होतं?

याच सोलापूर रस्त्यावर फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतली. पुढे २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. पण फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. ग्रामपंचायत, मग महापालिका, मग नगरपरिषद! दर वेळी घरपट्टी बदलते, निधी येण्याचा मार्ग बदलतो, पाण्याची टाकी कोणी चालवायची हेही नव्याने ठरतं. हडपसरकडून आपल्या बाजूला शहर सरकत येतं आहे. आज जी मुलं चौथीत आहेत त्यांना हा प्रश्न उद्या त्यांच्याच गावात सोडवावा लागू शकतो.

मग केंद्राने पैसा द्यायचाच नाही का?

असं मुळीच नाही. पुण्यात २०१३ पर्यंत जकात होती. जकातनाक्यावर महापालिकेला रोजच्या रोज रोख मिळायची. मग एलबीटी आला, तोही गेला, २०१७ ला जीएसटी आला. आता महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. स्वतःच्या हातातला मोठा कर म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर. अशा संस्थेने एकटीच्या जोरावर मेट्रो बांधावी किंवा शंभर बस घ्याव्यात, हे शक्य नाही. लहान नगरपरिषदेला तर सांडपाण्याचा एक प्रकल्पही झेपत नाही. कर मोठ्या प्रमाणात दिल्लीत गोळा होतो, म्हणून दिल्लीने द्यायलाच हवं. ते उपकार नाहीत, आपल्याच पैशाचं वाटप आहे.

प्रश्न फक्त कशासाठी द्यायचं हा आहे. केंद्राच्या विचारातही बदल दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत १०,००० विजेच्या बससाठी ५७,६१३ कोटींचा अंदाज असून त्यात केंद्राचे २०,००० कोटी आहेत. त्यात केवळ खरेदीला पैसा न देता बस चालवण्यासाठी दहा वर्षं साहाय्य करायचं ठरलं. ही दिशा चांगली आहे. मात्र योजना तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. दौंड त्यात बसत नाही, वरवंड तर दूरच.

बाहेरच्या देशांत काय करतात? फ्रान्समध्ये शहरातल्या ११ किंवा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी एक कर भरावा लागतो, आणि तो स्थानिक बस-ट्राम-मेट्रोला मिळतो. पॅरिसमध्ये ही पद्धत १९७१ पासून आहे. विचार साधा आहे: कामगार वेळेवर पोहोचला तर फायदा कारखान्याचाही होतो, मग त्यानेही बसला हातभार लावावा. कुरकुंभची औद्योगिक वसाहत आपल्या तालुक्यातच आहे. तिथल्या कारखान्यांनी असा वाटा उचलावा का, हा चर्चेचा विषय आठवी-नववीच्या मुलांना नक्की द्या. दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे येतील.

वर्गात कसं घ्याल? तीन तासिकांचं नियोजन

पहिली तासिका: चिंचोक्यांचा खेळ. शंभर चिंचोके घ्या. एक गट केंद्र, एक राज्य, एक महापालिका. ५०-२०-३० प्रमाणे चिंचोके एका ताटलीत टाकायला लावा आणि त्यातून "बस" विकत घ्या. आता दररोज बस चालवायला पाच चिंचोके लागतील असं जाहीर करा. प्रवाशांच्या गटाकडून रोज तीनच येतात. उरलेले दोन कोणी द्यायचे? महापालिकेचा गट आधी देतो, मग दोन-चार फेऱ्यांत कुरकुर सुरू होते, मग "फेऱ्या कमी करा" असं कोणीतरी म्हणतं. तिथे थांबा आणि विचारा, "फेरी कमी झाली तर कोण घरी राहील?" उत्तर मुलांनाच देऊ द्या.

दुसरी तासिका: बसचं गणित. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. बसची किंमत ४० लाख, त्यात केंद्राचे २० लाख. बस रोज २०० किलोमीटर धावते, किलोमीटरला खर्च ८० रुपये. रोजचा खर्च १६,००० रुपये. तिकिटाचे ९,००० येतात. तूट ७,०००. वर्षात ३०० दिवस धरले तर तूट २१ लाख. म्हणजे पहिल्याच वर्षात तूट केंद्राच्या मदतीच्या पुढे गेली, आणि बस तर दहा वर्षं चालवायची आहे. हे उदाहरण मुलांना गुणाकार शिकवतं आणि नागरिकशास्त्रही.

तिसरी तासिका: फलक वाचन. मुलांनी येता-जाता दिसणारा एक तरी कामाचा फलक वाचून वहीत उतरवून आणायचा. योजनेचं नाव, रक्कम, काम करणारी संस्था, कामाची मुदत, देखभालीचा कालावधी. पाच जणांनी आणलेले फलक फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. किती फलकांवर देखभालीचा कालावधी लिहिलेला आहे, ते मोजा. मूल्यमापनासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे: "हे काम पाच वर्षांनी बिघडलं तर तुम्ही कोणाकडे जाल?"

एक सूचना: कोणत्याही पक्षाचं वा पुढाऱ्याचं कौतुक किंवा टीका वर्गात येऊ देऊ नका. योजनांची नावं सरकारबरोबर बदलतात, प्रश्न तेच राहतात. मुलांचं लक्ष प्रश्नावर ठेवा.

पालकांसाठी दोन गोष्टी

पहिली, ग्रामसभेला जा. वर्षातून निदान चार ग्रामसभा होणं कायद्याने अपेक्षित आहे. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना माहीत आहेत. गावाच्या विकास आराखड्यात काय धरलंय हे तिथे विचारता येतं. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाईलवर बघता येतो. मुलाला शेजारी बसवून बघा. दाखल्यापेक्षा मोठं शिक्षण आहे ते.

दुसरी, मागणी करताना शब्द बदला. "आमच्या गावाला बस द्या" एवढंच न म्हणता "सकाळी साडेसहाची आणि संध्याकाळी साडेपाचची फेरी वर्षभर चालू ठेवा, आणि तिचा खर्च कोणत्या खात्यातून होणार ते सांगा" असं लिहून द्या. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर गावाबाहेर शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या, गावं आणि वेळा यांची यादी करून अर्जाला जोडा. "पुष्कळ मुलांची गैरसोय होते" या वाक्याला उत्तर देणं टाळता येतं, नावनिशीवार यादी टाळणं कठीण जातं.

वित्त आयोगाचा पुढचा पाच वर्षांचा काळ २०२६-२७ पासून सुरू होतो. नवीन योजना येतील, नवीन फलक लागतील. आपल्या वर्गातल्या मुलांनी त्या फलकाखाली उभं राहून रक्कम वाचावी, आणि मग "चालवणार कोण?" हेही विचारावं, एवढं आपण शिकवू शकलो तरी हा धडा झाला असं मी म्हणेन.

हे उपक्रम आपल्या वर्गात घेऊन पाहा आणि मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा.